बुकिंगची तारीख ठरवण्याआधी खुर्च्या मोजा

क्रिकेट संघटनेच्या तिकीट विभागात नवीन आलात, की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारणार, "बुकिंग कधी सुरू करायचं?" विकायच्या खुर्च्यांचा पक्का आकडा सहीनिशी हातात येत नाही, तोवर तारीख सांगू नका. वरून कितीही दबाव आला तरी नाही.

स्टेडियमची क्षमता म्हणजे विक्रीचा आकडा नव्हे. वानखेडेत साधारण ३३,००० लोक बसतात, पण २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला सर्वसामान्यांसाठी जेमतेम ४,००० तिकिटं होती. संलग्न क्लब, मंडळ, प्रायोजक, खेळाडूंचे पाहुणे यांचे कोटे आधी वजा होतात. हा हिशेब पत्रव्यवहारात असतो, त्यामुळे तो जमतो.

फसवतो तो साइटस्क्रीन, म्हणजे फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजामागे, खेळपट्टीच्या रेषेत सीमारेषेबाहेर उभा केलेला मोठा पडदा. त्याने झाकलेल्या खुर्च्या विकता येत नाहीत. नवखा माणूस मागच्या सामन्याचा आसननकाशा तसाच पोर्टलवर चढवतो. खेळपट्टी मात्र तीच नसते. मैदानाच्या मधल्या चौकात शेजारीशेजारी अनेक खेळपट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीची रुंदी ३.०५ मीटर. मागचा सामना चौथ्या पट्टीवर झाला आणि हा सहाव्या पट्टीवर असेल, तर साइटस्क्रीन सहा मीटर सरकतो. खुर्चीला अर्धा मीटर धरा: एका रांगेत बारा खुर्च्या. दहा रांगा झाकल्या जात असतील तर एकशेवीस, आणि साइटस्क्रीन दोन्ही टोकांना असतो, म्हणजे दोनशे चाळीस. तेवढी तिकिटं विकून बसलात की सामन्याच्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं उठवावी लागतात, आणि शेजारच्या स्टँडमध्ये रिकामी जागा नसते. पैसे परत करून ते दुःख भरून निघत नाही. कोणती पट्टी वापरायची हे क्युरेटर, म्हणजे खेळपट्टी तयार करणारा, उशिरा सांगतो. म्हणून दोन्ही टोकांना, साइटस्क्रीनच्या डावीउजवीकडे प्रत्येक रांगेतल्या पंधरा-पंधरा खुर्च्या सुरुवातीला अडवूनच ठेवा. कॅमेऱ्याच्या मचाणांचंही तसंच: प्रक्षेपणवाल्यांबरोबर स्वतः चालत जा, रांग आणि खुर्चीचा क्रमांक लिहून घ्या. वास्तुविशारदाच्या नकाशापेक्षा मैदानावरच्या जुन्या माळ्याचं ऐका. कोणत्या खुर्चीवरून खांब आडवा येतो हे त्याला तोंडपाठ असतं.

एवढं झालं की घाबरायचं कारण नाही. एकदिवसीय किंवा टी-२० साठी २५ ते ३० दिवस आधी विक्री खुली करणं मला योग्य वाटतं. फार लवकर केलं तर तारीखच हलू शकते. २०२३ च्या विश्वचषकाचं वेळापत्रक २७ जूनला आलं आणि ९ ऑगस्टला नऊ सामने बदलले. अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना १५ ऑक्टोबरला नवरात्राची पहिली माळ येत असल्यामुळे १४ तारखेवर गेला. स्पर्धेची तिकीटविक्री २५ ऑगस्टला सुरू झाली. उशीर झाला म्हणून आयोजकांवर टीका झाली, पण जुलैत तिकिटं विकली असती तर त्या नऊ सामन्यांचा परतावा गळ्यात पडला असता. आपल्याकडे गणेशोत्सव, विसर्जन आणि नवरात्र यांच्या आसपासचा सामना असेल, तर पोलिसांचं बंदोबस्ताचं लेखी उत्तर आल्याशिवाय पोर्टल उघडू नका.

उशीर तर जिवावर बेततो. सप्टेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० ची तिकिटं सामन्याच्या तीन दिवस आधी जिमखाना मैदानावर खिडकीतून विकायला काढली. चेंगराचेंगरी झाली, लाठीमार झाला, माणसं जखमी झाली. शेवटच्या आठवड्यात एकाच खिडकीवर विक्री कधीही ठेवू नका, कोणी "लोकांची सोय" म्हटलं तरी.

छापील तिकीट द्यायचं असेल तर छपाईला आठवडा आणि कुरिअरला आठ-दहा दिवस धरा. स्वतः येऊन नेणाऱ्यांसाठी निदान तीन केंद्रं ठेवा आणि प्रत्येकाला वेळ नेमून द्या. अडवलेल्या खुर्च्या पट्टी नक्की झाल्यावर मोजून ऑनलाइनच सोडा. आधीच्या तिकिटांच्या छपाईत त्या धरू नका, त्यांचे बारकोड वेगळ्या लॉटमध्ये काढा, म्हणजे गेटवर स्कॅन करणाऱ्याचा गोंधळ होत नाही.