पद्मिनीचा कॉम्प्रेशन रेशो वाढवायचाय? हेड मशीनवर चढवण्याआधी मोजा

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उतरवलं की कोणीतरी येऊन सांगतंच, "हेड चाळीस थाऊ फेस करून घे, गाडी पळायला लागेल." फेस करणं म्हणजे हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) तोंड मशीनवर तासणं. त्यातला चेंबर लहान होतो आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले तो वर आल्यावर उरणारी जागा, वाढतो. पण हे ऐकू नका. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, चाळीस थाऊ म्हणजे साधारण एक मिलिमीटर. तुमच्या हेडला तो कमी पडेल की जास्त होईल, हे ते हेड मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

मी एकदा तसं ऐकून केलं होतं. ते हेड आधीच्या मालकांनी दोनदा फेस केलेलं होतं, मला ठाऊक नव्हतं. खंबाटकीचा घाट चढताना नॉकिंग (पेट्रोल सिलिंडरमध्ये आपोआप भडकून होणारी ठोक) सुरू झालं आणि मी ते टॅपेटचा आवाज समजून पाय दाबून ठेवला. पुन्हा इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची रिंगेखालची कड तुटून पडली होती आणि सिलिंडरवर ओरखडे होते. नवीन बोर, नवीन पिस्टन, सगळं वाया.

आता रेशो किती वाढवायचा. ही इंजिनं कमी ऑक्टेनच्या, म्हणजे लवकर नॉक होणाऱ्या, पेट्रोलसाठी बांधलेली होती. आज साध्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याहून जास्त आहे, म्हणून वाव आहे. साडेसातवरून ८.३ वर गेलात की चढावर फरक कळतो. साडेनऊचा हट्ट धरू नका. रेशो जसा वर जातो तसा प्रत्येक पुढच्या आकड्याचा फायदा घटत जातो आणि नॉकिंगचा धोका मात्र वाढतो. जुन्या घडणीच्या चेंबरमध्ये आणि साध्या डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागावर) मी ८.५ च्या पुढे जात नाही.

बोरिंग, होनिंग, क्रँक, बेअरिंग नेहमीप्रमाणे. व्हॉल्व्ह घासून बसवा, प्लग लावा.

आता मोजणी. यात घाई करायची नाही.

मूळ बोर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५, म्हणजे एका सिलिंडरचे २७२.४ सीसी. चार मिळून १०८९. बोर ०.४ मिमी वाढवला की एका सिलिंडरचे २७५.६ होतात. पिस्टन वर आल्यावर जी जागा उरते तिचे तीन भाग: हेडमधला चेंबर, गॅस्केटची जाडी, आणि पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून जेवढा खाली राहतो ती फट. गॅस्केटची जाडी नव्यावर मोजू नका. जुनं, दाबलं गेलेलं गॅस्केट भोकाजवळ मायक्रोमीटरने मोजा आणि नवीन त्याच बनावटीचं घ्या. फट डायल गेजने चारही सिलिंडरवर पाहा. पिस्टनचा माथा सपाट नसेल तर तो बरोबर १० मिमी खाली घ्या, कडेला ग्रीस लावा आणि वर किती सीसी मावतं ते बघा. सपाट असता तर ३६.७ मावले असते. जेवढे कमी भरले तेवढा उंचवटा.

माझ्या शेवटच्या इंजिनात गॅस्केट १.२ मिमी, भोक ७० चं, म्हणजे ४.६ सीसी. फट ०.३ मिमी, १.१ सीसी. चेंबर ३६. एकूण ४१.७. त्यात २७५.६ मिळवून ४१.७ ने भागलं की रेशो ७.६. आता ८.३ हवा तर २७५.६ ला ७.३ ने (रेशोतून एक वजा) भागा, ३७.८ येतात. त्यातून गॅस्केट आणि फट वजा केली की चेंबर साधारण ३२ सीसीचा हवा.

चेंबर मोजायला हेड उलटं ठेवा, तोंडाला ग्रीसची बारीक रेघ, वर छोटं भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी. ब्युरेटमधून (मापाच्या खुणांच्या काचनळीतून) रॉकेल सोडा, त्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं थोडं लाल ऑइल टाकलं की नीट दिसतं. पाणी वापरू नका. रॉकेल व्हॉल्व्हमधून झिरपलं तर व्हॉल्व्ह अजून घासायचे आहेत. चारही चेंबर सारखे निघत नाहीत. लहान चेंबर ग्राइंडरने हळूहळू कोरून सगळ्यात मोठ्याएवढे करा, मगच फेसिंगचा विचार.

किती फेस करायचं, इथे बहुतेक लोक चुकतात. चार सीसी कमी करायचे म्हणून चेंबरच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागतात. पण चेंबर खाली अरुंद होत जातो, त्यामुळे भागाकाराचं उत्तर कमी येतं. माझी पद्धत अशी: पट्टी काढा, हेड दोन्ही दिशांनी स्पिरिट लेव्हलवर अगदी सपाट करा आणि चेंबरमध्ये बरोबर ३२ सीसी रॉकेल टाका. आता डेप्थ गेजचं टोक हेडच्या तोंडावरून हळूच खाली न्या. टोक टेकताच रॉकेल एकदम वर चिकटतं, त्या क्षणीचा आकडा लिहा. तीनदा करा, चारही चेंबरवर. तेवढीच खोली फेस करायची. माझी १.२ मिमी आली. मशीनवाल्याला कागदावर आकडा लिहून द्या, आधी ०.१ कमी घ्यायला सांगा आणि परत मोजून उरलेला उतरवा.

फेस केल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. पिस्टनवर मऊ क्ले ठेवून, जुनं गॅस्केट घालून हेड घट्ट करा, टॅपेट सेट करून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. क्ले इनटेककडे २ मिमी आणि एक्झॉस्टकडे २.५ पेक्षा पातळ झाली तर थांबा. पुशरॉडही (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्या) लांब पडतात. रॉकर शाफ्टच्या पायाखाली योग्य जाडीची शिम घाला, नाहीतर रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर वाकडा चालून व्हॉल्व्हचं गाईड खातो.

कॉम्प्रेशन गेजचं रीडिंग म्हणजे रेशो नव्हे. त्यात रिंगा आणि व्हॉल्व्ह टायमिंगही येतं.

बांधणी नेहमीची. पण इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नेहमीपेक्षा दोन-तीन अंश मागे ठेवा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होतं, म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा घाला आणि प्लगचा रंग बघत राहा. रिंगा बसल्यावर एखाद्या चढावर, काच खाली करून, टॉप गियरमध्ये चाळीसच्या वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज आला तर पाय लगेच काढा, टायमिंग अजून एक अंश मागे घ्या आणि तोच चढ पुन्हा चढा.