वकिली पण करायचीय, पत्रकारिता पण, आणि पुढे मंत्री व्हायचंय? मग आधी क्रम नीट लावा

बारावीचे नाहीतर टी.वाय.चे निकाल लागले की कुणाच्या तरी पोराचा हा प्रश्न येतोच, की लॉ घेऊ का मास कॉम, कारण पुढे राजकारणात जायचंय. घरच्यांना काळा कोट हवा असतो, पोराला चॅनेलवर दिसायचं असतं आणि डोळ्यासमोर लाल दिवा असतो (तो 2017 च्या मे महिन्यापासून मंत्र्यांच्या गाड्यांवरून गेलाय, पण लोकांच्या डोक्यातून काय जात नाही). तर तिन्ही गोष्टी एका आयुष्यात होतात, फक्त एकाच वेळी होत नाहीत. कुठली कधी धरायची आणि कधी सोडायची हे माहीत नसलं की माणूस ना कोर्टात दिसतो ना पेपरात, आणि नुसता कुणाच्या तरी बॅनरवर खालच्या ओळीत फोटो येतो.

उदाहरण म्हणून आपल्याकडे सगळ्यात मोठा माणूस आहेच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक घटनेपुरतं बघतात, पण नुसतं करिअर म्हणून बघा: पाक्षिकं-साप्ताहिकं काढली, मुंबई हायकोर्टात बॅरिस्टरी केली, 1942 ते 46 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलं आणि 1947 ते 51 देशाचे पहिले कायदामंत्री. म्हणून खाली मध्येमध्ये त्यांचंच उदाहरण येत राहील.

आधी लॉ, मग बाकीचं

माझं मत स्पष्ट आहे, डिग्री आधी लॉची घ्या. पत्रकारितेला लायसन लागत नाही, वकिलीला सनद लागते, एवढं साधं कारण आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स किंवा ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षांचा, राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची लॉ सीईटी, आणि मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. एक भानगड लक्षात ठेवा, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 पासून दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिली म्हणून काहीजण लॉ आणि जर्नालिझम दोन्हीला रेग्युलर अ‍ॅडमिशन घ्यायला निघतात, पण वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार काउन्सिल ऑफ इंडियाचे लीगल एज्युकेशनचे नियम वेगळे आहेत आणि त्यात लॉसोबत दुसरा रेग्युलर कोर्स चालत नाही. दूरशिक्षणातला कोर्स चालतो. त्यामुळे पत्रकारितेसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा अमरावतीचं आयआयएमसी डोक्यात असेल तर ते लॉच्या आधी किंवा नंतर, सोबत नाही.

लॉ करता करता लिहायला मात्र कुणाची बंदी नाही. स्थानिक पेपरला महानगरपालिकेच्या सभेची बातमी द्या, तालुका कोर्टात बसून निकाल समजावून सांगणारं लिहा, माहिती अधिकार वापरायला शिका. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, त्यामुळे प्रश्न नेमका कसा विचारायचा हे आपोआप अंगात मुरतं. उलटतपासणीला आणि पुढे सभागृहातल्या तारांकित प्रश्नाला (ज्याचं उत्तर मंत्र्याला तोंडी द्यावं लागतं) हीच सवय कामाला येते.

सनद घेतल्यावर पत्रकारिता किती करायची

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे चॅनेलमध्ये किंवा पेपरात पगारी रिपोर्टर, उपसंपादक म्हणून लागलात की सनद थांबवायची आणि तसं बार काउन्सिलला कळवायचं. डिसेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टासमोर नेमका हाच विषय आला होता, माणूस वकीलही होता आणि पत्रकारही, बार काउन्सिलने सांगितलं की वकिलाला पूर्णवेळ पत्रकारिता चालत नाही, आणि शेवटी त्याला पत्रकारिता सोडून फक्त वकिली करीन असं लिहून द्यावं लागलं.

पण नियम 51 कुणी वाचत नाही. त्यात चक्क लिहिलंय की वकील पत्रकारिता, प्रसारण, व्याख्यानं, शिकवणं हे करू शकतो, अट एवढीच की ती पूर्णवेळ नोकरी नको आणि जाहिरातबाजी नको. म्हणजे कॉलम लिहा, पॅनलवर बसा, पॉडकास्ट करा. आणि त्याच नियमात एक काम आहे जे मला नवीन वकिलांसाठी भारी वाटतं, ते म्हणजे पेपरसाठी बातम्या कायद्याच्या अंगाने तपासून देणं. छापायच्या आधी मजकूर बघून सांगायचं की हे वाक्य बदनामीत बसतं, हे कोर्टाच्या अवमानात जाऊ शकतं, इथे पीडितेची ओळख उघड होतेय. कोर्टाचं ज्ञान आणि बातमीचं नाक दोन्ही एकाच टेबलावर वापरायला मिळतं आणि सनदेला धक्का नाही.

दुसरा नियम 36. स्वतः लढत असलेल्या केसबद्दल पेपरात मजकूर पेरणं, स्वतःचा फोटो छापून आणणं, हे काम मिळवण्यासाठी केलेली जाहिरात धरतात. त्यामुळे ज्या केसमध्ये वकीलपत्र घातलंय तिच्यावर कॉलम नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं तर कधीच कुठेच नाही, ती बातमी कितीही मोठी असली तरी. ज्याला हे जमणार नाही त्याने खरंच एकच धंदा निवडावा.

बाबासाहेबांचं बघा आता. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे सरकारी नोकरी, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, आणि ‘केसरी’ने पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती, तेव्हा नवीन पत्र काढणाऱ्याने जुन्या पत्रांकडून फार अपेक्षा ठेवू नये. पुढे ते लंडनला गेले आणि 1923 मध्ये पत्र बंद पडलं, मालक लांब असला की पत्राचं काय होतं ते इथे दिसतं. त्याच वर्षी परत येऊन हायकोर्टात वकिली सुरू केली, सनदेसाठी पैसे नवल भथेना या मित्राने दिले होते. (आज नोंदणी फी कायद्याने 750 रुपये आहे, एससी-एसटीला 125, आणि जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्यांच्या बार काउन्सिलनी यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. नोंदणीनंतर एआयबीई ही वकिलांची देशपातळीवरची परीक्षा आहे ती वेगळी, तिची फी वेगळी.)

सुरुवातीला सॉलिसिटर लोक (बॅरिस्टरांकडे केसेस पाठवणारे वकील) जातीमुळे बाबासाहेबांना ब्रीफ, म्हणजे केसेस, देत नव्हते. मग त्यांनी बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला आणि गरिबांच्या केसेस घेतल्या. 1926 मध्ये पुण्याला केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्यावरचा बदनामीचा खटला अपिलात लढवून जिंकला, आणि तो खटला छापलेल्या मजकुरावरूनच होता. म्हणजे छापल्याने काय होतं हे त्यांना कोर्टाच्या बाजूनेही माहीत होतं आणि मग एप्रिल 1927 मध्ये, महाडच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, ‘बहिष्कृत भारत’ निघालं, यावेळी संपादक म्हणून स्वतःचं नाव. नोकरी नव्हती, वकिली स्वतःची होती, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. मी क्रम क्रम म्हणतोय तो हा.

आणि एलएलबी आहे म्हणून आपण काहीही छापू शकतो असं समजू नका. टिळकांकडे एलएलबी होती तरी 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या मजकुरावरून ते आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस बसले, कारण ज्या चिठ्ठ्यांवर विसंबून छापलं त्या बनावट निघाल्या. कागद हातात आला की तो खरा आहे का हे आधी बघायचं, मग अग्रलेख. आज बदनामीचं तेच कलम भारतीय न्याय संहितेत 356 आहे.

निवडणूक नावाचं दार

आतापर्यंतचं सगळं अभ्यासाने होतं, इथून पुढे नाही. चांगला वकील, गाजलेला पत्रकार आणि पडलेला उमेदवार हे तिन्ही एकच माणूस असू शकतो, 1952 ला उत्तर मुंबईत बाबासाहेब काजरोळकरांकडून पडले, अजून काय सांगू.

ग्रामपंचायत, नगरपालिका वयाच्या 21 व्या वर्षापासून लढता येते आणि खरं तर तिथूनच सुरू करावं. विधानसभेला 25, विधान परिषदेला 30. विधानसभेचं डिपॉझिट 10 हजार, एससी-एसटीला 5 हजार, वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही मिळाली की गेलं. महाराष्ट्रात विधानसभेला खर्चाची मर्यादा 40 लाख, गोव्यात 28 लाख. फॉर्म 26 चं, म्हणजे उमेदवाराच्या मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र स्वतः लिहा, दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं वाचून बातम्या केल्या असतील तर कुठे लोक पकडतात हे माहीत असतंच.

आपल्यासारख्यांना पदवीधर मतदारसंघ जास्त जवळचा. विधान परिषदेच्या 78 पैकी 7 जागा पदवीधरांच्या आहेत. मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने होते, म्हणजे मागच्या वेळी नाव होतं म्हणून यावेळी असेल असं नाही, त्यामुळे जो फॉर्म भरून घेण्यात मेहनत घेतो तो अर्धी निवडणूक तिथेच जिंकतो. राज्यपालनियुक्त 12 जागांवर डोळा असेल तर घटनेच्या कलम 171 मधली यादी वाचा: साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा. पत्रकारिता त्यात नाही, वकिलीपण नाही! तेव्हा स्वतःला समाजसेवक किंवा साहित्यिक म्हणून सिद्ध करावं लागेल.

आमदार झाल्यावर वकिली चालू ठेवता येते, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय, आमदार-खासदार म्हणजे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे म्हणून.

मंत्रिपद

ह्याची तयारी करता येत नाही, फक्त गणित समजून घेता येतं. मंत्र्यांची संख्या मुख्यमंत्र्यासकट सभागृहाच्या 15 टक्के, म्हणजे महाराष्ट्रात 288 वर जास्तीत जास्त 43. गोव्यात 40 आमदारांच्या 15 टक्क्यांनी सहाच झाले असते, पण लहान राज्यांना किमान 12 ची सूट आहे. त्या आकड्यात जात, जिल्हा, मित्रपक्ष हे सगळं बसवून मग तुमच्या दोन डिग्र्यांचा नंबर लागतो. आमदार नसतानाही मंत्री होता येतं, पण 6 महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात निवडून यावं लागतं, आणि न येता राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची युक्ती 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केली.

शपथ दोन असतात, पदाची आणि गोपनीयतेची. काल जो सचिवालयातली फाईल मिळवायला धडपडत होता त्यालाच आज ती दाबून ठेवायची असते, पत्रकारांना हे फार जड जातं. वकिलीही थांबते, अरुण जेटली, पी. चिदंबरम, कपिल सिब्बल या वकील-मंत्र्यांनी सगळ्यांनी मंत्री असताना प्रॅक्टिस बाजूला ठेवली. पेपर किंवा चॅनेल स्वतःचं असेल तर मालकी राहू शकते, पण मंत्र्यांच्या आचारसंहितेप्रमाणे धंद्याच्या कारभारातून बाहेर पडायचं.

मग जुन्या दोन धंद्यांचा उपयोग काय? मसुदा वाचता येतो. सचिवाने टाकलेल्या टिपणीत ‘राहील’ आणि ‘राहू शकेल’ यातला फरक वकिलाला लगेच दिसतो, आणि तीच तरतूद लोकांना दोन वाक्यांत कशी सांगायची हे पत्रकाराला कळतं. मजूर खात्यात असताना बाबासाहेबांनी कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आणणारी दुरुस्ती पुढे नेली, त्यात आकडा, कलम आणि कामगाराची बाजू तिन्ही एकत्र लागत होतं.

आणि बाहेर पडताना

हिंदू कोड बिल (लग्न, वारसा यांचे हिंदू कायदे सुधारणारं विधेयक) रखडलं म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये सभागृहात निवेदन करायचं होतं, उपाध्यक्षांनी प्रत आधी मागितली, त्यांनी नकार दिला, ते बाहेर पडले आणि निवेदन पेपरांना देऊन टाकलं. तेव्हा राजीनामा देताना निवेदन लिहून खिशात ठेवा, सभागृहात वाचायला मिळेलच असं नाही. मंत्रिपद गेल्यावर कोर्टात परत उभं राहता येतं, 2014 नंतर सिब्बल आणि चिदंबरम तेच करताहेत, चिदंबरम कॉलमपण लिहितात. सनद थांबवली असेल तर ती चालू करायचा अर्ज मुंबईच्या बार काउन्सिलकडे करायचा. मात्र गोपनीयतेची शपथ पदासोबत संपत नाही, मंत्रिमंडळात ऐकलेलं कॉलममध्ये येता कामा नये.