दुसऱ्या कंपनीचा जुना सायलेन्सर बसवताय? या चुका टाळा

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारली की सायलेन्सरचे ढीग दिसतात. त्यातले बरेचसे जवळजवळ कोरे असतात. नवी बुलेट घेतलेल्या माणसाला कंपनीचा आवाज आठवड्याभरातच मिळमिळीत वाटू लागतो, तो सायलेन्सर उतरवतो, आणि मग एखादा येझदीवाला, शोगनवाला नाहीतर सीडी हंड्रेडवाला ते क्रोम बघून भुलतो. भुलण्यात गैर काही नाही. बंद पडलेल्या मॉडेलचा मूळ सायलेन्सर मिळणं अवघड, आणि मूळ म्हणून जो मिळतो त्याचा पत्रा बोटाने दाबला तरी खरं काय ते कळतं. गैर आहे तो क्रम. आधी माल घ्यायचा, मग तो बसतो का ते बघायचं, आणि नाही बसला की वेल्डिंगवाल्याला म्हणायचं, "करा काहीतरी ॲडजस्ट." तो करतोही बिचारा.

माप न घेता बाजारात जाणं ही पहिली चूक. व्हर्नियर (व्यास मोजायचं माप) खिशात असला तर उत्तमच. मी मात्र गाडीच्या बेंड पाईपच्याच (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप) बाहेरच्या व्यासाचा, दोन इंच लांबीचा पाईपचा तुकडा घेऊन जातो. विक्रेता "सगळ्या गाड्यांना बसतो साहेब" म्हणाला तरी तुकडा एकतर आत जातो किंवा जात नाही, वाद संपला. अर्धा मिलिमीटर सैल असेल तर क्लँप सांभाळून घेतो. त्याहून सैल असेल तर लेथवर बुश (मधली फट भरणारी नळी) बनवून घ्या, निदान दीड इंच आत जाईल एवढा लांब, आणि सायलेन्सरच्या तोंडाला हॅकसॉने दोन-तीन काप द्या, नाहीतर क्लँप कितीही आवळला तरी तोंड दबणार नाही. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळून "टाईट बसला" म्हणणारे भेटले की मी विषय बदलतो. पाण्याच्या नळाला लावतात ती एमसील इथे लावणाऱ्यांशी तर बोलतच नाही. ती पहिल्याच लांबच्या फेरीत जळते, आणि जळताना येणाऱ्या वासावरून मालकाला वाटतं क्लच प्लेट गेल्या.

घेण्याआधी सायलेन्सर कानाजवळ धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) सुटलेला आहे, ठेवून द्या. पोटाच्या खालच्या बाजूला, जिथे पाणी साठतं तिथे, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. वरून आरशासारखा क्रोम आणि खालून गंजलेली चाळणी, असा माल भरपूर असतो.

आता ज्या चुकीमुळे हे सगळं लिहायला बसलो ती. सायलेन्सरचं भोक आणि चेसिसचं भोक जुळत नाही, म्हणून बोल्ट घालून पान्याने ओढून जुळवणं.

ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाकडे वडिलांची येझदी रोडकिंग आहे. येझदीला सिलेंडर एकच, पण एक्झॉस्टची तोंडं दोन, त्यामुळे बेंड पाईप दोन आणि सायलेन्सरही दोन. त्याने एका नव्या ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरच्या गाडीची उतरवलेली जोडी आणली. दिसायला देखणी होती, हे कबूल करायला हवं. उजव्या बाजूचा सायलेन्सर कसाबसा बसला. डावीकडचा जवळजवळ पाव इंच बाहेर राहत होता. मला दाखवायला आला तेव्हा म्हणाला, "काका, दोनच सूत फरक आहे, बोल्टने येईल ना?" म्हटलं, "अरे, येईल. पण ती ओढ कुठेतरी जाणार ना?" त्याला रविवारी मित्रांबरोबर सिंहगडावर जायचं होतं, त्यामुळे ओढ कुठे जाणार यापेक्षा गाडी कुठे जाणार याची त्याला जास्त काळजी होती. बोल्टने आणला.

हिशेब साधा आहे. दोन फुटी लोखंडी पाईप इंजिन तापल्यावर दोन-तीन मिलिमीटर लांबतो. एक टोक सिलेंडरला घट्ट, दुसरं ताणून चेसिसला घट्ट, मग वाढायला जागा कुठे? शिवाय इंजिनाची धडधड. ती सगळी सिलेंडरच्या तोंडावरच्या नटवर येते. येझदीला तिथे मोठा गोल नट असतो, जो सी पान्याने आवळतात. तो घाटात सैल झाला. फटफट आवाज येऊ लागला तो पोरांना आवडला, म्हणून कुणी थांबलंच नाही. खाली येईपर्यंत सैल नटाने सिलेंडरवरचे आटे खाल्ले होते. पुढे सिलेंडर उतरवणं, आटे भरून लेथवर पुन्हा कापणं, पिस्टन रिंगा, पॅकिंग. फुकटात मिळालेल्या जोडीचा खर्च मूळ सायलेन्सरच्या वर गेला. सीडी हंड्रेड किंवा स्प्लेंडरसारख्या गाडीत अशा वेळी हेडचा बारीक स्टड (हेडमध्ये बसवलेला, पाईप धरणारा बोल्ट) तुटतो, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधून तुटका स्टड काढणं हे शत्रूवरही येऊ नये असं काम आहे.

माझी पद्धत वेळखाऊ आहे, पण तीच. इंजिनाकडून सुरुवात करायची. तोंडाशी नवीन तांब्याचं पॅकिंग (जुनं एकदा दबलं की पुन्हा दबत नाही, दहा-वीस रुपयांसाठी कंजूषपणा नको), नट फक्त हाताने. मग सायलेन्सर बेंड पाईपवर सरकवायचा आणि मागचं टोक जुन्या ट्यूबच्या पट्टीने कॅरिअरला टांगायचं. आता तो जिथे निवांत लटकतो, ती त्याची जागा. तिथून चेसिसच्या भोकापर्यंत पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, त्यावरून जाड पट्टीची ब्रॅकेट बनवायची, भोक लांबट ठेवायचं, मध्ये रबरी बुश टाकायचा. आवळताना आधी इंजिनाकडचा नट, मग ब्रॅकेट, मधला क्लँप शेवटी. एक फेरी मारून गाडी पूर्ण थंड झाली की पुन्हा सगळं आवळायचं. गरम असताना नाही. ब्रॅकेट बनवायला अख्खा दिवस जातो. ज्यांना तेवढा दिवस नाही त्यांनी मूळ सायलेन्सरच डागडुजी करून वापरावा.

त्याच येझदीची दुसरी भानगड महिन्याभराने समोर आली. जोडी होती फोर स्ट्रोक गाडीची, आणि येझदी टू स्ट्रोक. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, अर्धवट जळलेलं बाहेर पडतं आणि सायलेन्सरमध्ये चिकटतं. म्हणून येझदीच्या मूळ सायलेन्सरचा बॅफल मागून ओढून काढता येतो, कॉस्टिक सोड्यात टाकून साफ करता येतो. फोर स्ट्रोकचा सायलेन्सर वेल्डिंगने बंद असतो, आत हात घालायला वाव नाही. काही नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर कमी विषारी करणारा भाग) बारीक छिद्रांची जाळी असते, ती तर ऑइलने लवकरच बुजते. टॉर्च मारून बघितलं तर दिसते, पण बघतो कोण?

आणि साफसफाईचं सोडा, टू स्ट्रोकचा एक्झॉस्ट इंजिनाचाच भाग असतो. धुराबरोबर गेलेली दाबाची लाट सायलेन्सरमधल्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं पेट्रोल एक्झॉस्टचं तोंड बंद व्हायच्या आत सिलेंडरमध्ये ढकलते. लांबी बदलली, आकार बदलला की ती लाट अवेळी येते. आरएक्स हंड्रेडला भलताच सायलेन्सर लावून "आवाज वाढला, पिकअप गेला" म्हणत येणाऱ्यांना मी हेच सांगतो, आणि ते कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदलायला निघून जातात. टू स्ट्रोकला टू स्ट्रोकचाच लावा, आणि तोही साधारण तेवढ्याच सीसीच्या गाडीचा.

फोर स्ट्रोकवाल्यांना थोडी सूट आहे. मोकळा सायलेन्सर लावला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. प्लग काढून बघा, पांढराफटक दिसला तर मेन जेट एक पायरी मोठा घ्या. पण थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात म्हणून थेट कार्ब्युरेटर उघडू नका. बहुतेक वेळा जोडातून हवा आत शिरत असते. थंड इंजिनावर जोडाला साबणाचं पाणी लावा, गाडी चालू करा, मागून फडक्याने क्षणभर तोंड झाका. बुडबुडे दिसतील तिथे दुखणं.

बाकीच्या चुका थोडक्यात. गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि सीडीआय (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आधी सोडवा. मधला स्टँड काढून-लावून बघा, पुष्कळ सायलेन्सर त्याच्या वाटेत येतात. मागे दणकट माणूस बसवून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किती वर येतो तेही बघा. हलक्या गाडीला वजनदार सायलेन्सर एकाच बोल्टवर टांगू नका. आतली जाळी काढून "मोकळा" करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आता दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं, आणि फर्ग्युसन रस्त्यावर हवालदाराला मोबाईलच्या ॲपमधले डेसिबल दाखवून काही उपयोग होत नाही.

उतरवलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. टोकं चिंध्यांनी बुजवून, आतून थोडं ऑइल फिरवून माळ्यावर टाका. त्या येझदीचे दोन्ही असेच माळ्यावर होते, म्हणून गाडी आज चालते आहे.