तांबडा वाढा : नाम आणि विशेषण मला कसं उमगलं

बँकेच्या परीक्षेची तयारी करायला कोल्हापुरात आलो, तेव्हा इंग्रजीत माझे गुण एकाच ठिकाणी जायचे. शब्दांचे अर्थ पाठ होते, पण 'ही हॅज नो कॉन्फिडन्ट' या वाक्यात 'कॉन्फिडन्ट' हे विशेषण नको, 'कॉन्फिडन्स' हे नाम हवं, ही चूकच मला दिसायची नाही.

ती दिसली खानावळीत. 'तांबडा रस्सा' म्हटलं की तांबडा हे विशेषण. पण आपण तिथं 'तांबडा वाढा' म्हणतो, 'तांबड्याला आज चव आहे' म्हणतो, आणि तोच शब्द नाम होतो, विभक्तीसुद्धा घेतो. म्हणजे शब्दाकडे एकट्याकडे बघून भागत नाही, तो वाक्यात कुठं बसलाय ते बघायचं. इंग्रजीतही तसंच. 'पुअर मॅन'मधलं पुअर विशेषण, 'द पुअर' म्हणजे गरीब लोक.

नवीन मुलांना मी आधी 'माय' लावून बघायला सांगतो. 'माय कॉन्फिडन्स' एवढ्यावर थांबता येतं. 'माय कॉन्फिडन्ट' म्हटलं की कान विचारतो, माझा कॉन्फिडन्ट कोण? मग 'व्हेरी' लावा. 'व्हेरी कॉन्फिडन्ट' चालतं, 'व्हेरी कॉन्फिडन्स' चालत नाही. मात्र 'मेन', 'वुडन' अशी काही विशेषणं 'व्हेरी' घेत नाहीत.

शब्दाच्या शेपटीवरूनही बरंच कळतं : 'नेस', 'इटी' नामाला, 'फुल', 'लेस' बहुधा विशेषणाला. 'अल'वर मात्र विसंबू नका. 'नॅशनल' विशेषण आहे, पण 'अरायव्हल' आणि 'रिफ्यूजल' नामं आहेत. 'फ्रेंडली'च्या शेवटी 'ली' दिसतं म्हणून मी कितीतरी दिवस त्याला क्रियाविशेषण समजत होतो. ते विशेषण आहे.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या पाठ करू नका, वाक्यात लिहा. 'स्टेशनरी'च्या शेवटी 'ईआरवाय' असेल तर वह्या-पेनं, म्हणजे नाम. 'एआरवाय' असेल तर जागच्या जागी उभं, म्हणजे विशेषण. 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' ही दोन्ही विशेषणंच, तिथं शेजारचा शब्द बघावा लागतो. धोरण इकॉनॉमिक, कमी पेट्रोल पिणारी गाडी इकॉनॉमिकल.

बँकेवाल्यांनी 'प्रिन्सिपल' तर नीटच करावा. शेवटी 'पीएलई' असेल तर तत्त्व, ते नामच. 'पीएएल' असेल तर नुसतं 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल, तेही नाम. पण 'प्रिन्सिपल अमाऊंट'मध्ये तोच शब्द विशेषण. पुन्हा तांबडा आणि तांबडा रस्सा.