चीअरचे दोन सीझन आणि मधली न मिळणारी सुट्टी: या चुका टाळा

ऑरलँडोहून समिट, म्हणजे चीअरलीडिंगची सीझनच्या शेवटची मोठी स्पर्धा, आटोपून डॅलसला परतलो तेव्हा रविवारची रात्र झाली होती. लेकीने केसांतला बो तेवढा काढला आणि गालावरच्या चकाकीसकट झोपून गेली. मंगळवारी जिमचा मेल आला: पुढच्या सीझनचे ट्रायआउट (टीमच्या निवड चाचण्या) सोमवारपासून. मध्ये उरले सहा दिवस. त्या सहा दिवसांतही मी तिच्यासाठी दोन प्रायव्हेट लेसन ठरवले, कारण लेव्हल ४ च्या टीममध्ये जायचं तर लेआउट (हवेत अंग सरळ ठेवून मारलेली उलटी कोलांटी) पक्का हवा आणि तिचा अजून कच्चा होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या कमरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, निघालं. ती बारा वर्षांची होती. तीन महिने टम्बलिंग (कोलांट्या-उड्या) बंद, स्टंट (एकमेकींना उचलून धरणं) बंद. टीमचा सराव सुरू असताना ती मॅटच्या कडेला बसून आठ-आठचे काउंट मोजायची. दोन वर्षं झाली त्याला. आता ती पुन्हा लेव्हल ४ ला बेस, म्हणजे खालून दुसरीला उचलणारी, आहे, पाठ दुखत नाही. पण त्या उन्हाळ्यात मी जे जे चुकले ते आमच्या ओळखीच्या मराठी घरांत आजही होताना दिसतं, म्हणून हे लिहायला घेतलं. आपल्यापैकी कुणीच या खेळात वाढलेलं नाही. जिम सांगेल ते बरोबर, असं धरूनच आपण चालतो.

पहिली चूक: सुट्टी आपोआप मिळेल असं समजणं

स्टंट आणि पिरॅमिड पहिल्यांदा पाहताना मला आपल्या गोविंदा पथकांची आठवण झाली होती. खाली भक्कम खांदे, वर हलकं पोर, आणि सगळा भार एकमेकांच्या भरवशावर. पण पथकाचा सराव साधारण गुरुपौर्णिमेला सुरू होतो आणि गोकुळाष्टमीला संपतो. ऑल-स्टार चीअरचं, म्हणजे शाळेबाहेर खासगी जिमच्या टीममधून खेळायच्या चीअरचं, वर्ष मात्र मे ते मे असतं. एप्रिलच्या शेवटी-मेच्या सुरुवातीला वर्ल्ड्स आणि समिट या मोठ्या स्पर्धा, लगेच ट्रायआउट, जून-जुलैत नवीन स्किल आणि कॅम्प, मग कोरिओग्राफी (स्पर्धेचा कार्यक्रम बसवणं), हिवाळ्याच्या तोंडावर स्पर्धा सुरू. कॅलेंडरवर ‘ऑफ सीझन’ असा रकानाच नाही. तो आपण आखायचा असतो, आणि आधी आखायचा असतो.

किती? अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये दिलेला सल्ला सरळ आहे: एकाच खेळात मुरलेल्या मुलांना आठवड्यातून किमान १-२ दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षभरात मिळून किमान ३ महिने त्या खेळापासून लांब. हे तीन महिने सलग नसले तरी चालतात, एकेक महिन्याचे तुकडे करता येतात. ऑल-स्टारमध्ये तीन महिने काढणं अवघड आहे, हे मी मान्य करते. आम्हालाही अजून पूर्ण जमलेलं नाही. पण सहा दिवस आणि तीन महिने यांच्यामध्ये बरीच जागा आहे. समिटनंतर दोन आठवडे जिमचं तोंड बघायचं नाही आणि जूनचा महिना पूर्ण मोकळा, एवढं आम्ही आता सांभाळतो.

ट्रायआउट त्या दोन आठवड्यांत आले तर? जाऊ द्या तिला, पण तयारीशिवाय. तिच्याकडे काय आहे ते कोचने वर्षभर पाहिलेलंच असतं. आठवडाभरात घाईने उभं केलेलं स्किल ट्रायआउटला कसंबसं निघतं आणि जुलैत पुन्हा पडतं. आमच्याकडे तरी तेच झालं.

फक्त टीमच्या सरावाचे तास मोजणं

मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, आठवड्याला पाच तास. दोन दिवस, अडीच-अडीच तास. फिजिओथेरपिस्टने कागद पुढे केला आणि सगळं लिहायला सांगितलं. टीम सराव ५. टम्बलिंग क्लास दीड. प्रायव्हेट लेसन १. स्टंट क्लास १. शाळेच्या चीअर टीमचे ५. शनिवारचं भरतनाट्यम दीड. बेरीज १५. मी पेन खाली ठेवलं. क्रीडावैद्यकातले डॉक्टर एक साधा ठोकताळा देतात: आठवड्यातले खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. बारा वर्षांच्या मुलीचे पंधरा तास चालले होते, तेही उंची झपाट्याने वाढत असताना, जेव्हा हाडं पुढे धावतात आणि स्नायू मागे राहून ताणलेले असतात.

शाळेचं चीअर आणि ऑल-स्टार दोन्ही करणाऱ्या मुलींचं इथेच फसतं. दोन्ही कोच आपापल्या जागी बरोबर असतात, पण बेरीज कुणीच करत नाही. ती आईबापांनीच करायची. शिवाय शाळेत सराव बहुतेक वेळा साध्या मॅटवर किंवा जिमच्या लाकडी फरशीवर होतो, ऑल-स्टारच्या स्प्रिंग फ्लोअरवर नाही. पायांना आणि पाठीला तोच हँडस्प्रिंग (हातांवरून उलटून पायांवर येणारी उडी) तिथे जड जातो.

पूर्ण थांबायचं आणि मग एकदम उडी मारायची

दुखापतीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या मेमध्ये तिला सांगितलं, महिनाभर काहीही करायचं नाही. ती सोफ्यावर. आणि महिना संपल्यावर पहिल्याच सरावात रनिंग टक, म्हणजे धावत येऊन गुडघे छातीशी घेत मारलेली कोलांटी. पाय घट्ट, दम लगेच लागलेला, उतरताना गुडघे आत वळलेले. पडली नाही, पण मला बघवलं नाही.

नंतर समजलं ते असं. पहिले दहा ते चौदा दिवस खरोखरच काही करू नये. झोप, मैत्रिणी, पोहायला गेली तर मजा म्हणून. या वयात, म्हणजे १३ ते १८, रात्रीची ८ ते १० तास झोप लागते आणि लहान मुलींना ९ ते १२. सीझनमध्ये ती कधीच पुरी होत नाही, म्हणून ती आधी भरून निघू दे. दोन आठवड्यांत ताकद जात नाही. दम थोडा कमी होतो, तो लवकर परत येतो.

त्यानंतर चीअर नको, पण शरीर चालतं ठेवायचं. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास ताकदीचे व्यायाम: स्क्वॉट, एका पायावर उभं राहून वाकणं, पुश-अप, रबर बँड ओढून खांद्याच्या मागच्या बाजूचा व्यायाम, प्लँक, टाचा उचलणं. खोक्यावरून हलकी उडी मारून गुडघे न डगमगता उतरणं हा त्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग. बेस आणि बॅकस्पॉट (मागून आधार देणाऱ्या) असलेल्या मुलींनी खांदे आणि मनगटांकडे जास्त लक्ष द्यावं. वर्षभर त्या दुसऱ्या मुलीचं वजन डोक्यावर धरतात. फ्लायरची, म्हणजे वर उचलली जाते तिची, गोष्ट उलटी. तिला सुट्टीतही रोज स्कॉर्पिअन आणि हील स्ट्रेच (हाताने पाय डोक्याकडे ओढून धरणं) ओढत बसायची सवय असते, तीही टीव्ही बघताना, अंग थंड असताना. लवचीकपणा तिच्याकडे आधीच भरपूर असतो. कमी असते ती त्यावर ताबा ठेवणारी ताकद.

परतताना पायऱ्या ठेवा. पहिल्या आठवड्यात हँडस्टँड, कार्टव्हील, वॉकओव्हर. दुसऱ्यात हँडस्प्रिंग, पण टम्बल ट्रॅकसारख्या मऊ जागी. तिसऱ्यात फ्लोअरवर रनिंग टम्बलिंग. स्टंटही तसेच: आधी कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि हात पूर्ण वर लांबवायचे ते शेवटी. आधीच्या पायरीवर काही दुखलं तर पुढची पायरी नाही. कोचला हे आधी सांगून ठेवलं तर सहसा ते अडवत नाहीत. न सांगता गेलं तर पोर मैत्रिणींच्या बरोबरीने सगळं करून बसतं.

भारतातली सुट्टी वाया गेली असं वाटणं

टेक्सासच्या शाळा मेच्या शेवटी सुटतात आणि जूनमध्ये आपण घरी जातो. मला ही सुट्टी चीअरच्या वर्षातली सगळ्यात मौल्यवान वाटते, कारण तिथे जिमच नाही. पण पहिल्या वर्षी मी तिथेही बॅग भरताना पॅनेल मॅटचा (सरावाच्या घडीच्या गादीचा) विचार केला होता.

साताऱ्याला आमच्या घरी गच्चीवर चायना मोझेकच्या फरश्या आहेत, पांढऱ्या आणि तुटक लाल तुकड्यांच्या. एका संध्याकाळी पाऊस नुकताच थांबलेला, चुलत भावंडांनी आग्रह केला, ‘दाखव ना गं तुझं ते उलटं’, आणि तिने सतरंजी अंथरून त्यावर बॅक हँडस्प्रिंग मारला. सतरंजी सरकली. हात फरशीवर आपटला. मनगट दोन आठवडे सुजलेलं होतं. आजीने ओली सतरंजी उचलून कठड्यावर वाळत टाकली आणि एकच म्हणाली, ‘पोरीला इथे तरी जरा बसू दे.’

तेव्हापासून नियम: भारतात टम्बलिंग नाही. कुणी कितीही म्हटलं तरी नाही. फरशी, अंगण, बागेतलं गवत, काहीच नाही. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालत जाणं, दुपारी झोप, संध्याकाळी बँडने खांद्याचा व्यायाम. परत आल्यावर जेट लॅगचे पाच-सहा दिवस सराव नको, कारण अर्धवट झोपेत फ्लायर झेलताना लक्ष चुकलं की डोक्याला मार लागतो. वरचीच्या आणि खालचीच्याही.

दुखणं ‘वाढीचं’ म्हणून सोडून देणं

इथे मी सगळ्यात जास्त चुकले, म्हणून जरा सविस्तर.

जूनमध्ये ती म्हणाली, पाठ दुखते. मी बाम लावला. पाळी यायची असेल म्हणाले. जुलैत म्हणाली, ब्रिज (मागे वाकून कमान) करताना दुखते. मी सुट्टी दिली नाही, कारण कोरिओग्राफीचा आठवडा होता. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी तिला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. चीअर आणि जिम्नॅस्टिक्समध्ये पाठ पुन्हा पुन्हा मागे वाकते आणि कमरेच्या खालच्या मणक्याच्या मागच्या बारीक हाडावर भार येतो. लवकर धरलं तर ते आरामाने जुळायची शक्यता चांगली असते. आम्ही दहा आठवडे उशीर केला.

काय लक्षात ठेवायचं? मागे वाकताना दुखणारी पाठ दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरकडे. आठ ते चौदा वर्षांत टाच दुखून मुलगी चवड्यांवर चालायला लागली, तर बहुधा तिथली वाढीची जागा दुखावलेली असते. भार कमी केला की ती बरी होते. हातावर वजन घेताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखलं तरी वाट बघू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा पायात मुंग्या असतील तर त्याच दिवशी दाखवा. आणि स्टंटमधून पडून डोक्याला मार लागला, गरगरलं, गोंधळली, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही, कितीही म्हणाली ‘मी ठीक आहे’ तरी.

जेवण आणि आरसा

सुट्टीत मुली जाडजूड होतील आणि फ्लायरची जागा जाईल, ही भीती पोरींमध्ये आपल्याला दिसते त्यापेक्षा फार खोल असते. मेमध्ये जेवण कमी होतं, जूनमध्ये आत्या-काकू एका वाक्यात ‘किती बारीक झालीस’ आणि दुसऱ्यात ‘आता अंग धरायला लागलीस’ म्हणतात. माझी एक विनंती आहे: तिच्या समोर तिच्या अंगाबद्दल काहीच बोलू नका, चांगलंही नाही. वाढीच्या वयात सुट्टीत वजन वाढणं हे बहुतेक वेळा वाढणंच असतं. भाजी-भाकरी, डाळ, अंडी, दही, शेंगदाणे, पोटभर. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरला दाखवा. ‘बरं आहे, कटकट गेली’ असं म्हणून हसून सोडायची ती गोष्ट नाही. खाणं कमी आणि सराव जास्त झाल्यावर शरीर आधी तेच थांबवतं, आणि मग हाडं कमजोर होतात.

परतल्यावर हँडस्प्रिंगच होत नाही, तेव्हा

सुट्टीनंतर काही मुली धावत येतात, हात वर करतात आणि थबकतात. काल-परवापर्यंत झोपेतही येणारं स्किल शरीर करूच देत नाही. चीअरवाले याला मेंटल ब्लॉक म्हणतात. पालक म्हणून आपण तेव्हा ‘तुला येतं गं’ म्हणतो, पैसे भरलेले आठवतात, कुणी नवीन फोनचं आमिष दाखवतं. यातलं काहीच चालत नाही, भीती वाढते. कोचशी बोलून दोन पायऱ्या खाली जायचं, जे ती हसत करू शकते तिथे. आपण सरावाच्या वेळी काचेमागून बघायचं थांबवायचं. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून भाज्यांची यादी करायचे. तिचा ब्लॉक सात आठवडे टिकला. सुट्टीच नको होती, असं तेव्हा दहादा वाटलं. पण ब्लॉक सुट्टी न घेणाऱ्या मुलींनाही येतात, आमच्याच टीममधल्या दोघींना भर सीझनमध्ये आला.

करारावर सही करण्याआधी मी आता जिमला एक मेल पाठवते. उन्हाळ्यात किती सराव चुकवता येतात? कोरिओग्राफीच्या नेमक्या तारखा कोणत्या? जूनमध्ये ती महिनाभर भारतात असेल आणि आल्यावर पहिले दोन आठवडे पूर्ण टम्बलिंग करणार नाही, हे चालेल का? पहिल्यांदा पाठवताना हात थरथरत होता, जागा जाईल असं वाटत होतं. दोन दिवसांनी कोचचं उत्तर आलं: जूनमध्ये अर्धी टीम कुठे ना कुठे गेलेलीच असते, कोरिओग्राफी २० जुलैपासून आहे, तोवर तिला घेऊन या.