भंगारातलं शिसं आणि गळाची वजनं: कशात काय मिसळायचं

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या काठाला दगड इतका आहे की एका रविवारी तीन-चार वजनं अडकून तुटली तरी कुणी विशेष मानत नाही, म्हणून आमच्यातले बरेच जण गळाची वजनं घरीच ओततात. पण ओतणं सोपं आहे, गोची होते ती आधी, भंगार गोळा करताना. मी पहिल्यांदा सगळं एकाच भांड्यात टाकलं होतं आणि दलियासारखी जाड लापशी झाली, साच्यात उतरेचना. जस्त गेलं होतं आत.

एक गोष्ट आधीच सांगतो, शिसं ओतायचे व्हिडिओ शोधले की बंदुकीच्या गोळ्यांचेच जास्त येतात. आपल्याकडे परवान्याशिवाय ते करणं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्या भानगडीत पडू नका. इथे फक्त मासेमारीची वजनं.

आता माल. टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं मिळतात, सातपूर-अंबडकडे तर प्रत्येक टायरच्या दुकानात एक डबा भरलेला असतो. यात तीन जाती. क्लिपवाली शिशाची, ज्यात साधारण 3 टक्के अँटिमनी (शिसं कडक करणारा धातू) असतं. चिकटपट्टीची, ही जवळपास शुद्ध मऊ शिसं. आणि तिसरी जस्ताची किंवा लोखंडाची, ती आपल्याला नको. जस्ताच्या काही वजनांवर इंग्रजीत झेडएन कोरलेलं असतं पण घासून गेलं तर दिसत नाही, मग पक्कडीने चिमटा काढून बघा, शिसं लगेच दबतं, जस्त नाही. फरशीवर टाकलं तर शिसं थप्प वाजतं, जस्त टण्ण. लोखंडाला चुंबक. दहा मिनिटं जातात पण एवढं कराच.

जुन्या केबलवरचं आवरण आणि पाण्याच्या जुन्या पाइपचं शिसं, हा मऊ माल. छापखान्याचा माल मात्र कडक, लायनोटाईप म्हणजे ओळ ओतणाऱ्या जुन्या छपाई यंत्राच्या पट्टीत साधारण 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी, 4 टक्के कथील, आणि हाताने जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी त्याहून जास्त. (बाळबोध अक्षरांचे खिळे वितळवायला माझा तरी जीव होत नाही, ते मी डब्यात ठेवून दिलेत.) आणि गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा? अजिबात नाही. त्यात ॲसिड असतं, आणि वितळवताना वर येणाऱ्या आर्सेनिक-अँटिमनीच्या मळीला ओल लागली तर जीवघेणा वायू सुटू शकतो, फुकट मिळाल्या तरी हात लावू नका.

मिसळायचं कसं ते तुम्हाला काय ओतायचंय त्यावर. अँटिमनीने शिसं कडक होतं, कथलाने ते पातळ वाहतं आणि साच्याचे कोपरे भरतात. जाळ्याला किंवा दोऱ्याला चिमटून बसवायचे मणी असतील तर निव्वळ मऊ शिसं, कडक मणी दाबताना चिरतो. दगडातून ओढायच्या 60-80 ग्रॅमच्या वजनाला थोडा कडकपणा बरा. 2 किलो मऊ शिशात 1 किलो क्लिपवाली वजनं टाकली की अँटिमनी 1 टक्क्यापर्यंत येतं. लायनोटाईपची पट्टी असेल तर 5 किलो मऊ शिशाला 1 किलो, म्हणजे अँटिमनी 2 टक्के. याहून पुढे जायची गरज नाही, मासा काही कडकपणा बघून गळाला लागत नाही. नखाने ओरखडा काढा, सहज निघाला तर मऊ, नख घसरलं तर कडक.

भांडं बिडाचं किंवा पोलादाचं, ॲल्युमिनियमचं नको. आणि ते परत स्वयंपाकघरात येणार नाही, हे घरच्यांसमोर ठरवून टाका. शेगडी उघड्यावर, वारं पाठीमागून. शिसं 327 अंशाला वितळतं आणि जस्त 419 ला, म्हणून थर्मामीटर लावून 350 च्या आसपास ठेवलं तर क्लिपा आणि चुकून आलेलं जस्त वर तरंगतं, पळीने काढून घ्या. घाईने आच वाढवली की जस्त विरघळलंच. वरची साय निळी-जांभळी दिसायला लागली तर आच जास्त झाली.

मग मेणबत्तीचा बोटभर तुकडा टाका, भपकन पेटेल, घाबरू नका, तोंड लांब ठेवून ढवळा. कथील-अँटिमनी परत खाली मिसळतं आणि वर राखाडी मळी उरते. मळी अलगद काढून झाकणाच्या डब्यात, कारण ती धूळ श्वासात गेली तर तेच खरं विष, घंटागाडीत तर टाकूच नका.

पाणी! एक थेंब सापडला तरी वाफ होऊन शिसं उडतं. पावसाळ्यात मी ओततच नाही. साचा, पळी, नवीन टाकायचं भंगार, सगळं आधी गरम करून कोरडं. गॉगल, चामड्याचे हातमोजे, पूर्ण पँट, बूट. चपलेत उभं राहून ओतणारे मी बघितलेत, त्यांच्या पावलावरचे डागही बघितलेत.

बारीक मणी पाण्यात सोडू नका, बदकं खडे समजून गिळतात आणि मरतात, ब्रिटनने 1987 मध्येच शिशाच्या अशा मण्यांवर बंदी घातली. नांदूर मध्यमेश्वरला तर गळ घेऊन जायचंच नाही, अभयारण्य आहे ते.

काम झालं की कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, मगच चहा. कपडे वेगळे धुवायचे, लहान मुलांच्या कपड्यांत नाही. उरलेल्या शिशाच्या विटा पाडून त्यावर खिळ्याने "म" किंवा "क" कोरून ठेवा, सहा महिन्यांनी कोणती मऊ नि कोणती कडक हे नुसतं बघून कळत नाही.