दरडीचा धोका ताडताना या चुका टाळा

उतार जितका तीव्र तितका धोका अधिक, हे समीकरण सह्याद्रीत फसते. येथे सर्वांत उभे असतात ते घट्ट बेसाल्टचे कडे, आणि त्यांवरून सुटे धोंडे कोसळतात; गाव गाडणारा चिखल-दगडांचा लोंढा मात्र बहुधा कड्याच्या पायथ्याच्या मध्यम उतारावरून सुटतो, कारण वरून घरंगळलेली माती, मुरूम आणि दगडगोटे तेथे वर्षानुवर्षे साचलेले असतात. त्यामुळे उताराच्या अंशांइतकीच या साठ्याची जाडी महत्त्वाची ठरते. ओढ्याने कापलेल्या काठात किंवा रस्त्याच्या खोदाईत ती टेप लावून मोजता येते.

बेसाल्ट कठीण म्हणून जागा पक्की, हा निष्कर्षही घाईचा आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातकट खडकाचा पट्टा असतो. वरच्या थराच्या भेगांतून मुरलेले पाणी त्यावर अडते, आडवे सरकते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. ऐन पावसात असा झरा गढूळ झाला, एकाएकी आटला किंवा नव्याच जागी फुटला, तर आतला पाण्याचा दाब बदलला असे समजावे. कोकणात जांभ्याखालची चिकणमाती पाणी असेच अडवते.

दरडधोक्याचे नकाशे करण्यासाठीच्या आयएस १४४९६ (भाग २), १९९८ या भारतीय मानकात उताराचा धोका ताडण्यासाठी दिलेल्या एकूण दहा गुणांपैकी दोन गुण खडकाच्या थरांचा कल व उतार यांच्या संबंधाला, म्हणजे संरचनेला आहेत. हिमालयात ते रास्तच. सह्याद्रीतील लाव्ह्याचे थर मात्र जवळपास आडवे असल्यामुळे हे गुण जसेच्या तसे वापरल्यास धोका कमी दिसतो. शिवाय या गुणांत पाऊस धरलेलाच नाही.

नकाशाच्या प्रमाणाचा विसर पडणे ही आणखी एक नेहमीची चूक. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, तेव्हा एखादी वाडी दोन-तीन मिलिमीटरांत संपते. असा नकाशा तालुक्यात पाहणी कोठे करावी हे सांगतो. कोणते घर हलवावे हे त्यावरून ठरवू नये. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहणेही चूकच: १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

पाहणी घरांमागच्या चढापाशी थांबवू नये, थेट माथ्यापर्यंत जावे. तेथे चंद्रकोरीच्या आकाराची भेग आढळल्यास दोन्ही बाजूंना खुंट ठोकून त्यांमधील अंतर रोज मोजावे, भेग चिकणमातीने बुजवावी आणि वरून येणारे पाणी चर खणून बाजूला वळवावे. अंतर वाढू लागल्यास अहवालाची वाट न पाहता खालची घरे रिकामी करावीत.